पांढऱ्या पोटाची पातेली

मित्रांनो, मला बघायचं असेल तर बाहेरून बघू नका, आत डोकावा. बाहेरून मी निळी आहे, आणि तो निळा रंगही आता ठिकठिकाणी उडाला आहे. काठाला एक टवका गेला आहे. दांडा लाकडी आहे आणि मधूनमधून डुगडुगतो. पण आतून मी पांढरी आहे, अगदी तळापर्यंत. मी एक जुनी इनॅमलची पातेली आहे, लिटरभर दूध मावेल एवढी. माझ्या या पांढऱ्या पोटाकडे कितीतरी वर्षं कुणी लक्षच दिलं नाही आणि त्यापायी एका घरातला ओव्हन घराबाहेर जायची वेळ आली. तीच हकिगत तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. आधी मी पत्र्याची एक साधी चकती होते. एका भल्यामोठ्या यंत्राने माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला की मला एकदम पोट आलं. मग मला दळलेल्या काचेच्या पातळ लेपात बुचकळून काढलं आणि वाळल्यावर भट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं केलं. आत काय होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. पण विचारायचं कुणाला? जी आत जाई ती लालबुंद होऊन बाहेर येई आणि निवेपर्यंत कुणाशी बोलत नसे. नको तिथे चौकशा करायची माझी खोड तिथलीच. माझी पाळी आली तेव्हा कळलं की आत गेल्यावर बघायला सवडच मिळत नाही. बाहेर आले ती अंगावर काच घेऊनच.

शेवटी तपासणीवाली बाई. ती प्रत्येक भांड्यावर नखाने टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायची. बद्द वाजलं की बाजूला. माझ्यावर टिचकी मारली तेव्हा मी 'टण्ण' वाजले. "ही बोलते छान," ती म्हणाली आणि मला खोक्यात ठेवलं. आयुष्यात मिळालेलं ते माझं पहिलं कौतुक. दुसरं मिळायला फार वर्षं जावी लागली.

मला विकत घेतलं मावशीने. साऱ्या गल्लीचीच ती मावशी, पण तिची सख्खी भाची एकच. ती इस्पितळात नर्स झाली आणि नोकरी जवळ पडते म्हणून मावशीकडेच राहायला आली. मावशी स्वतः टेलिफोन ऑफिसात होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांच्या लाइनी जोडून द्यायच्या, हे तिचं काम. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन तिने जाहीर करून टाकलं, "तीस वर्षं माझ्या कानांनी नोकरी केली. आता कानांना पेन्शन. यापुढे नाकाने काम करायचं!"

आणि तिने खरोखरच तसं केलं. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिला एक छोटा ओव्हन भेट दिला होता. त्यात ती चॉकलेटच्या कुकीज भाजायला लागली, आणि दूध तापवणारी मी एका रात्रीत नव्हे, पण एका दुपारीत बढती मिळवून बसले. कुकीजसाठी लोणी कढवायचं काम माझ्याकडे आलं.

हे काम दिसतं सोपं, पण आहे मोठं नाजूक. पिवळ्या लोण्याची वडी माझ्या पोटात पडली की आधी इकडून तिकडे घसरते, मग विरघळते. मग लोण्यातलं पाणी उकळायला लागतं आणि अशी तडतड सुरू होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. हळूहळू ती तडतड ओसरते, वर फेस चढतो आणि फेसाखाली माझ्या तळावर दुधाचे बारीक कण आधी सोनेरी, मग बदामी होतात. त्या क्षणी जो खमंग वास सुटतो, भाजलेल्या दाण्यांसारखा, तो जिना उतरून खालच्या मजल्यावर जातो. हा सगळा अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्याआधी उतरवलं तर ते नुसतं वितळलेलं लोणी. त्यानंतर उतरवलं तर करपलं.

मावशी हा खेळ कशी खेळायची, सांगू? माझ्याकडे पाठ करून! तिकडे मैदा चाळायचा, अंडी फोडायची, तपकिरी साखरेतल्या गुठळ्या मोडायच्या, भाचीची चेष्टा करायची आणि एकदम नाक वर करून म्हणायचं, "झालं!" की दोन पावलांत येऊन मला उतरवायचं आणि लोणी लगेच वाडग्यात ओतायचं, कारण मी गरम असते तोवर माझ्यात राहिलेलं लोणी आपलं शिजतच राहतं. तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. तिच्या वहीत कृतीची पहिली ओळच अशी होती: 'लोणी, वास येईपर्यंत.' बस्स, एवढंच.

मला मात्र आतल्या आत वाईट वाटायचं. मी आपली पांढऱ्या तळावर सोनेरी, बदामी असे रंग काढून दाखवत बसायचे आणि ही बाई बघायचीसुद्धा नाही.

आणखी एक रुखरुख होती. कुकी म्हणजे काय, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. लोणी ओतून झालं की मला धुऊन खुंटीवर टांगायचे आणि माझी खुंटी दारामागे. कुकीज भाजायच्या वेळी वारा यावा म्हणून दार सताड उघडं, म्हणजे मी दार आणि भिंत यांच्या मधे अडकलेली. माझं लोणी पुढे कुठे गेलं, त्याचं काय झालं, याचा विचार करून करून मी हैराण व्हायचे. चौकशा तर पुष्कळ केल्या. चाळणी सगळं सांगायची, तिच्या पोटात काहीच राहत नाही, पण तिला मैद्यापलीकडचं ठाऊक नव्हतं. ओव्हनमधली जाळी म्हणायची, आधी गोळा असतो, मग आपोआप बसतो. उलथणं म्हणायचं, कडा टणक लागतात पण मधे हात लावू देत नाही, इतकी मऊ. गोळा, बसतो, मऊ! या तिन्हींतून तुम्हाला मांजराशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येतंय का? मलाही येत नव्हतं.

मग एके दिवशी माझा दांडा फारच डुगडुगायला लागला. भाचीने हौसेने नवं भांडं आणलं. काळं कुळकुळीत, आतूनबाहेरून तुळतुळीत, त्याला म्हणे काही चिकटतच नाही. मावशीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "वजनाला हलकं आहे," ती म्हणाली. तेवढ्याने माझा निकाल लागला. माझी रवानगी गॅलरीत झाली आणि माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे भरले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या गॅलरीतल्या खिडकीतून ओटा दिसायचा. ओव्हन नाही दिसायचा, नशीबच तसलं.

काळ्या भांड्यातही लोणी छानच कढत होतं. नाक होतं ना मावशीकडे! दर शनिवारी कुकीजचा एक डबा कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचा आणि रिकामा परत यायचा. खालच्या मजल्यावर दुकान असलेल्या टेलरकाकांचा वाटा वेगळा. हे काका तोंडात टाचण्या धरूनही बोलणारे. वास आला की गळ्यातल्या टेपसकट वर यायचे.

पुढे मावशीला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होती. ताप गेला, ताकद आली, ओव्हन पुन्हा तापला. पण त्या शनिवारी काहीतरी वेगळं घडलं. काळ्या भांड्यातून धूर निघायला लागला तरी मावशी मैदाच चाळत होती! मी खिडकीतून बघत होते. मला ओरडता आलं असतं तर मी चिमट्यांसकट ओरडले असते. शेवटी धूर डोळ्यांत गेला तेव्हा ती वळली, वाकून भांड्यात बघितलं आणि लोणी तसंच वाडग्यात ओतलं. काळ्या भांड्यात काळं लोणी, तिला कळणार तरी कसं?

वाचनालयातून डबा अर्धा भरलेला परत आला. त्यापुढच्या शनिवारीही तसाच. मावशीच्या तोंडावर बोलायची हिंमत फक्त टेलरकाकांत होती.

"ताई, रागावणार नसाल तर एक सांगू?" ते म्हणाले. "कुकी कडू लागतेय."

"चॉकलेट कडूच असतं."

"चॉकलेटचा कडूपणा मला कळतो हो. हा इस्त्रीने कापड जाळल्याचा कडूपणा आहे."

काका गेल्यावर मावशी खुर्चीत बसली आणि भाचीला म्हणाली, "मला वास येत नाहीये गं. ताप आला तेव्हापासून. साबणाचा नाही, कांद्याचा नाही, कशाचाच नाही. वाटलं, येईल चार दिवसांत. महिना होईल आता."

भाची नर्स असूनही दचकली. डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ते म्हणाले, येईलही परत, सांगता येत नाही. मावशीला 'सांगता येत नाही' हे शब्द मुळीच आवडले नाहीत.

"मी आहे ना," भाची म्हणाली. "वास मी घेईन."

"आणि तू ड्यूटीवर गेलीस की? जाताना नाक काढून ठेवून जाशील मला?"

मग घड्याळ लावून बघितलं. पहिल्या खेपेला लोणी पिवळंच राहिलं, दुसऱ्या खेपेला करपलं. ज्योत कधी लहान, कधी मोठी, लोणी कधी फ्रिजमधलं गार, कधी बाहेरचं. मिनिटांना त्याची काय कल्पना? त्या दिवशी मावशीने वही मिटली आणि टेलरकाकांना निरोप धाडला. त्यांच्या सुनेला ओव्हन हवा होता. रविवारी दुपारी येऊन घेऊन जा, फुकट.

"मावशी, अगं, घाई कशाला करतेस?" भाची रडवेली झाली होती.

"लोकांना कडू खायला घालून त्यांच्याकडून 'छान' म्हणवून घेणारी बाई मला व्हायचं नाही," मावशी म्हणाली.

मला तिचा फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ओव्हन गेला की तिची सगळी मिजास, ते नाक वर करून 'झालं!' म्हणणं, सगळंच जाणार होतं. आणि कुकी मला या जन्मी दिसणार नव्हती.

रविवार उजाडला. ओव्हन पुसून दाराशी ठेवला होता. त्याच्याबरोबर सुनेला द्यायला म्हणून काळं भांडंही खोक्यात घालून खोकं चिकटपट्टीने बंद केलं होतं. मावशी फ्रिज आवरत होती. आत लोण्याच्या तीन वड्या उरल्या होत्या.

"वाया कशाला घालवायचं? वितळवून बरणीत भरून ठेवते," ती स्वतःशीच म्हणाली आणि भांडं शोधायला लागली. चहाच्या भांड्यात चहा होता. मोठं पातेलं फारच मोठं होतं. मग ती गॅलरीत आली, चिमटे बादलीत ओतले आणि मला उचललं. मित्रांनो, माझा दांडा डुगडुगला तो स्क्रू सैल होता म्हणून, असं तुम्ही समजू शकता.

तिने मला घासलं, पुसलं, गॅसवर ठेवलं. एक वडी पडली, घसरली, विरघळली. त्या दिवशी चाळायला मैदा नव्हता, फोडायला अंडी नव्हती, चेष्टा करायला भाची नव्हती, ती न्हाणीघरात केस धूत होती. मावशीला दुसरं कामच नव्हतं. म्हणून ती नुसती माझ्यापाशी उभी राहिली.

तडतड सुरू झाली. नेहमीसारखीच, जोरात, वाद घातल्यासारखी. मावशी खिडकीबाहेर बघत होती. मी मनात म्हणत होते, आता, आता ऐक, तुझे कान पेन्शनीत असले तरी अजून शाबूत आहेत. तडतड कमी झाली. मग थांबलीच.

मावशीने मान वळवली.

"हे काय, लाइन एकदम बंद कशी पडली?" ती म्हणाली.

तीस वर्षांची सवय हो! बोलत असलेली लाइन गप्प झाली की तिचा हात आपोआप पुढे जायचा. तो माझ्या दांड्याकडे गेला. काय बिघडलं ते बघायला तिने मला जरा तिरकं केलं, फेस एका बाजूला सरकला आणि माझा तळ उघडा पडला. पांढऱ्यावर सोनेरी कण. तिच्या डोळ्यांदेखत ते बदामी व्हायला लागले.

"अय्या," मावशी म्हणाली. नंतर जी हाक मारली ती टेलरकाकांच्या दुकानातही ऐकू गेली असणार. "अगं ए! आहेस तशी ये! वास घे, लवकर!"

भाची डोक्याला टॉवेल गुंडाळून, अर्ध्या केसांत साबण तसाच ठेवून धावत आली. दारातच थबकली. "मावशी," ती म्हणाली, "तोच! अगदी तोच वास!"

मावशीने लोणी वाडग्यात ओतलं, तेही एका क्षणाचा उशीर न करता. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच पडला. पण मावशीचं तेवढ्याने समाधान होणारं नव्हतं. एकदा लाइन लागली म्हणजे लागली असं ती मानत नसे. तिने दुसरी वडी टाकली आणि या वेळी ज्योत मोठी ठेवली. तडतड लवकर संपली, पण संपली ती तशीच. गप्प झाल्यावर तिरकं करून बघितलं, पांढऱ्यावर बदामी. तिसऱ्या खेपेला तिने चक्क डोळे मिटले, कान माझ्याकडे केला आणि बरोबर वेळेला म्हणाली, "झालं!" भाचीने हुंगून मान हलवली. हलवता हलवता ती रडत होती आणि साबणाचं नाव पुढे करत होती.

"इतकी वर्षं ही सांगतेय," मावशी माझ्या तळावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि मी नाकाच्या तोऱ्यात."

मग दाराशी ठेवलेला ओव्हन परत जागेवर आला. साखर आणि लोणी घोटलं गेलं, एक सबंध अंडं आणि वर एक बलक, मैदा, सोडा, चिमूटभर मीठ, शेवटी चॉकलेटचे जाडसर तुकडे. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. मधे अजून कच्च्या दिसत होत्या तेव्हाच कुकीज बाहेर काढल्या, कारण जाळीवर निवता निवता त्या उरलेलं आपलं आपण शिजून घेतात आणि मधे मऊ राहतात. हे सगळं मला कसं कळलं? कारण माझी खुंटी रिकामी होती आणि मी ओट्यावर होते. मला टांगायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही!

ओव्हन न्यायला सुनेबरोबर टेलरकाका आले. दारातूनच सुरू झाले, रिक्षा कशी मिळाली नाही, दोरी कशी आणली, ओव्हन उचलताना कुणी कुठली बाजू धरायची. मावशीने मुकाट्याने त्यांच्या हातात एक कुकी ठेवली. त्यांनी घास घेतला. बोलणं कमी झालं. दुसरा घास घेतला. बोलणं थांबलंच.

मावशीने भाचीकडे बघितलं. "गप्प झाले," ती म्हणाली. "म्हणजे झालं."

काकांनी दुसरी कुकी संपवली आणि हातातली दोरी गुंडाळून खिशात घातली. "सूनबाई, आपण तुला दुसरा ओव्हन बघू," ते म्हणाले. सुनेच्या तोंडात कुकी होती, तिने नुसती मान डोलावली. जाताना काळं भांडं मात्र ती घेऊन गेली. दूध तापवायला ते छान आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

सगळे गेल्यावर मावशीने स्वतः एक कुकी खाल्ली. हळूहळू खाल्ली. "कडा कुरकुरीत," ती म्हणाली. "मधे मऊ. गोड आहे, मीठही लागतंय." मग भाचीकडे वळली. "बाकीचं तू सांग."

भाचीने तिला बाकीचं सांगितलं. दाणे भाजल्यासारखं, साखर जरा पुढे गेल्यासारखं, दुधाच्या सायीसारखं. मावशी डोळे मिटून ऐकत होती, टेलिफोनवर लांबचा कुणी बोलत असावा तशी. तिचा वास अजून परत आलेला नाही. शनिवारचा डबा मात्र पुन्हा रिकामा येतो.

तिने वहीतली जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली एक नवी लिहिली: 'किंवा गप्प होईपर्यंत. मग पांढऱ्या पातेलीत बघ.' मी वहीत आले आहे, मित्रांनो! भाचीने माझा स्क्रूही आवळून दिला आहे. फार नाही, थोडाच डुगडुगते.

आता तुमच्याकडे एवढंच मागते. मला किंवा माझ्या जातीतल्या कुणाला तारेच्या घासणीने खरवडू नका, तापलेली असताना गार पाण्यात बुडवू नका, काच आहे ती, तडकते. टवका गेला म्हणून लगेच गॅलरीत पाठवू नका. आणि घरातलं जुनं भांडं असो की जुनं माणूस, ते बोलत असेल तर ऐका. एकदम गप्प झालं तर काय झालं ते जवळ जाऊन बघा.

हो, एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी बशा सगळ्या खरकट्या होत्या. भाचीला ड्यूटीवर न्यायला एक कुकी हवी होती, म्हणून मावशीने ती माझ्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. ती गोल होती. कडेला बदामी होती, अगदी मी नेहमी दाखवायचे त्या रंगाची. आणि माझ्या पांढऱ्या तळावर ती अजून कोमट होती. बघा, माझं लोणी इथे आलं होतं.